उंबरठ्यावरचं जास्तीचं बोट

पारोळा, ३ मे

अक्का,

मायना लिहीत नाही. ‘तीर्थरूप’ लिहिलं तर तू चिडशील, ‘प्रिय’ लिहिलं तर कागद फाडशील. फोनवर तू मला केव्हाचीच अडवून ठेवली आहेस. आईच्या फोनवरून केला, तर माझा आवाज ऐकला की ठेवून देतेस. पोस्टमनला मात्र तुला अडवता यायचं नाही. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

यंदाही अक्षय्य तृतीया गेली, तू आखाजीला माहेरी आली नाहीस. आबांनी बाहेरच्या निंबाला झोका बांधला होता. तुझी फळी माळ्यावरून काढून स्वतःच्या हाताने धुतली. आपले आजोबा कसे आहेत तुला माहीत आहे, नातीची, दीपाची वाट बघतोय असं कबूल करतील तर शपथ. शिंदखेड्याकडची एसटी यायची वेळ झाली की टोपी घालून रस्त्यापर्यंत जायचे, आणि परत आले की म्हणायचे, “ऊन फार शे आज.” आईने खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या, सांजोऱ्या तळल्या, रस केला. तुझ्या वाटणीचं मी खाल्लं. त्याची माफी मागणार नाही.

मी रजेवर आले आहे. आमच्या शिक्षणाचा एक टप्पा संपला. पुढे कोणाला लढाऊ विमान द्यायचं, कोणाला मालवाहू, कोणाला हेलिकॉप्टर, हे वर ठरतं आणि तसा हुकूम येतो. तोवर घरी राहा, फोन चालू ठेवा, बोलावलं की निघा, असं सांगून आम्हाला सोडलंय. आणि नेमकं आत्ताच सीमेवर हे सुरू झालं. टीव्हीवर रोज सकाळी युद्ध लागतं आणि रात्री जेवणाच्या वेळेपर्यंत राहतं. शेजारच्या बेबाबाई रोज येऊन विचारतात, “पुनम, तुले मालूम व्हईच ना, कधी लागस?” जसं काही मला विचारूनच लावणार आहेत.

माझा दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी उन्हाआधी किल्ल्यापर्यंत धावून येते. मग आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीवर मी विमानाच्या आतल्या घड्याळांचं, बटणांचं मोठं चित्र चिकटवलं आहे, त्याच्यासमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसते. डोळे मिटायचे आणि हात न चुकता त्या त्या बटणावर गेला पाहिजे. तोंडाने म्हणत जायचं: इंजिन बंद पडलं तर हे, धूर आला तर ते, आग लागली तर हे. आम्हाला तसंच शिकवतात. मागच्या आठवड्यात डोळे उघडले तर दारात आई, हातात बिबड्याच्या पिठाचा गोळा. “आग बी लागस का व त्यामा?” म्हणाली. मी म्हटलं, नाही गं, ही नुसती परीक्षेची तयारी. तेव्हापासून मी हळू आवाजात म्हणते. दुपारी गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवरून, बिबड्यांवरून कावळे हाकलते. वायुदलाने माझ्यावर एवढा खर्च केला, त्यातलं थोडं तरी घराच्या उपयोगी पडलं.

आणि हे नीट वाच. मी शिकाऊ आहे. शिकाऊ माणसाला कोणी लढाईवर धाडत नाही. तुझ्या शिंदखेड्याच्या एसटी डेपोत शिकाऊ माणसाच्या हाती घाटातली गाडी देतात का? तसंच आहे. तेव्हा काळजी करू नकोस. करत असलीस तर.

आई सध्या मला मागच्या दाराने ये-जा करायला लावते. पुढे बिबडे वाळत घातलेत म्हणते. बिबडे तर गच्चीवर आहेत. असो.

बाकी सगळं ठीक.

पुनम

पारोळा, ७ मे

अक्का,

तुझ्या सासूबाईंनी, भिकुबाई मावशींनी आईला फोनवर सांगितलं की पत्र पोचलं. सुनेने ते वाचलं का, हे त्या म्हणाल्या नाहीत, आणि आईनेही विचारलं नाही. आपल्या घरात कोणी कोणाला काही विचारतच नाही.

सगळं ठीक आहे असं मी लिहिलं होतं. ठीक नाही. मला भीती वाटते, आणि ती सांगायला माझ्याकडे तुझ्याशिवाय माणूस नाही. तूही नाहीस, पण निदान पत्ता तरी आहे.

आखाजीच्या सकाळची गोष्ट. आईने घागर भरून ठेवली होती, वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. आबा धोतर नेसून उंबरठ्याशी बसले. तुला आठवतं ना, कसं करतात ते. कुंकवात बोट बुडवायचं, गेलेल्याचं नाव घ्यायचं, उंबरठ्यावर बोट उमटवायचं. आपल्याकडे पाच बोटं असतात. आबांचे आई-वडील, आजी, आबांचा मुलगा म्हणजे आपले दादा, आणि शेवटी आपला भाऊ, भूपाभाऊ. भूपाभाऊचं बोट लावताना आबांचा हात अजूनही थांबतो. म्हाताऱ्याने नातवाचं बोट लावायचं, उलटी गंगाच ती. बर्फात गाडी दरीत गेली असं कळवलं होतं लष्कराच्या लोकांनी, आणि आबांनी अजून बर्फ पाहिलेला नाही.

तर पाच बोटं झाली. मी नवा ड्रेस घालून तिथेच उभी होते, हातात आघारीचं, पितरांसाठी अग्नीत द्यायच्या घासाचं ताट. आबांनी माझ्याकडे वर पाहिलं. चांगलं बघितलं, अगदी पायापासून डोक्यापर्यंत. मग परत कुंकवात बोट बुडवलं, ओठ हलले, नाव काही ऐकू आलं नाही, आणि भूपाभाऊच्या शेजारी त्यांनी सहावं बोट उमटवलं.

आईच्या हातातला तांब्या वाजला. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहिलं. आबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, “चला, नैवेद्य दाखाडा.”

आता सांग, काय करायचं? पितरांचं कुंकू पुसता येत नाही. पुसलं तर अपशकुन झाला, ठेवलं तर ते तिथेच राहिलं. आई सकाळी उंबरठा झाडते तेव्हा केरसुणी त्या टोकाला आली की थांबवते. आणि मला मागच्या दाराने पाठवते, कारण त्या बोटावर माझा पाय पडू नये. मला हे सगळं समजतं आणि ती समजते की मला समजत नाही.

माझ्यासारखी मुलगी असल्या गोष्टींना भीत नाही, हे मीच मला रोज सांगते. मी हवेचा दाब शिकले, इंधनाचा हिशेब शिकले, ढगाच्या आत विमान कसं सरळ ठेवायचं ते शिकले. विमान कुंकवाने पडत नाही. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं आहे. माझ्या मनात आधीच काहीतरी होतं, म्हणून ते बोट मला दिसलं तसं दिसलं.

आज पहाटे टीव्हीच्या आवाजाने जाग आली. आपल्या विमानांनी तिकडे मारा केला म्हणून सांगत होते. बेबाबाईंनी चहाच्या आधीच बातमी आणली की भुसावळकडे दारूगोळ्याचे कारखाने आहेत, म्हणून सीमेपलीकडून येणारं विमान आधी आपल्यावरूनच जाणार. त्यांनी खिडक्यांना लावायला काळे कागदही आणले. एक रद्दीवालाच आज खूश असेल. आबा म्हणाले, “कागदले काय दिसस, बेबा? वरतीन बठ्ठं सारखंच दिसस.” मी वरून पाहिलेलं आहे. सारखं नाही दिसत. निंब दिसतो, गच्ची दिसते. गच्चीवर बिबडे टाकलेत की साडी टाकलीय तेसुद्धा उंची कमी असली तर कळतं.

दुपारी प्रशील आला होता. माझ्याबरोबर शिकतो, एरंडोलचा आहे, वडील शाळेत शिक्षक. तोही हुकमाची वाट बघत घरी बसलाय. सराव करायला म्हणून मोटरसायकलवर उन्हात आला, आणि आईने त्याला वरण-बट्टी खाऊ घातली. कोठीसमोर बसून आम्ही एकमेकांची तपासणी घेतली. तो म्हणायचा ‘धूर’, मी डोळे मिटून हात लावायची. तिसऱ्या वेळेला माझा हात चुकला. मग मी त्याला बोटाचं सांगितलं.

तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, “आमच्या घरी आखाजीला पितर येत नाहीत, आम्ही विहारात जाणारी माणसं. पण माझी आई आज सकाळपासून मला दुकानातही जाऊ देत नाहीये. कारण विचारलं तर म्हणते, ऊन आहे.” मग म्हणाला, “तू आबांना सरळ विचारत का नाहीस?”

काय विचारू, अक्का? ‘आबा, ते माझं होतं का’ असं? आणि ते ‘हो’ म्हणाले तर?

पुनम

पारोळा, ९ मे

अक्का,

आज हे कोणालाही दाखवू नकोस. भिकुबाई मावशींनाही नाही.

प्रशीलला हुकूम आला. मालवाहू विमान. रजा संपायच्या आत बोलावलंय, तो काल संध्याकाळी भुसावळहून गाडी पकडून गेला. निघताना फोन केला, “तुझाही येईल, बॅग भरून ठेव.” मी ‘हो’ म्हटलं. बॅग भरलेली नाही. आई कपडे इस्त्री करून पलंगावर ठेवते आणि मी ते परत कपाटात ठेवते. दोघींचा हा खेळ दोन दिवस चाललाय.

मी हाताचं सांगते. एप्रिलमध्ये मी एकटी विमान घेऊन गेले होते. एकटं जाणं आता नवीन नाही, मी बऱ्याचदा गेले आहे. परत उतरायला येत होते, धावपट्टी समोर दिसत होती, आणि एक घार समोरून आली. मला तिचे पंख दिसले, पाय दिसले. मग नुसता आवाज. समोरच्या काचेवर रक्त आणि पिसं, आणि काचेला तडा. इंजिन खरखरायला लागलं. कानात रेडिओवरून शिकवणाऱ्या सरांचा आवाज होता, शांत, जसे काही ते चहा पीत बोलत होते. माझ्या हातांनी सगळं बरोबर केलं. मी त्यात नव्हतेच. हात करत होते आणि मी मागे कुठेतरी बसून बघत होते. उतरले, इंजिन बंद केलं, शिडीवरून खाली आले, आणि विमानाच्या चाकाशी जमिनीवरच बसून राहिले. सगळ्यांनी शाबासकी दिली. रात्री मेसमध्ये माझ्यासाठी टाळ्याही वाजवल्या.

तेव्हापासून विमानाचा आवाज आला की माझ्या डाव्या हाताचा तळवा ओला होतो. डावा हात इंजिनाच्या दांडीवर असतो, अक्का. तो निसटायला नको. मी हे सरांना सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगितलं तर उडणं बंद करतील या भीतीने सांगत नाही, आणि न सांगता उडाले तर काय होईल याची भीती वेगळीच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यात ते बोट. आता मला दिवसाही दिसतं. भाजी चिरताना दिसतं, टोमॅटो चिरायचं मी आईवर टाकलंय. काल गच्चीवर बिबडे उलटत होते आणि फार उंचावरून एक विमान गेलं, प्रवासी असेल किंवा नसेल, मी वर पाहिलंच नाही. टोपलीखाली हात लपवून बसून राहिले. मी, जिने आवाजावरून विमान ओळखायचं, ती बिबड्यांच्या टोपलीमागे. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला आता पुस्तकातून शिकायची गरज नाही.

शिकाऊ माणसाला शिक्षण सोडता येतं. अर्ज द्यायचा. लाजेची गोष्ट आहे, पण माणूस जिवंत राहतो. काल मी तो अर्ज मनात तीनदा लिहिला. पहिली ओळ फार छान जमते, पुढे काही सुचत नाही.

भूपाभाऊ गेला तेव्हा तेरवीच्या दिवशी तू म्हणाली होतीस, एका घरातून एकच, आता बास. आणि वर्षाच्या आत मी फॉर्म भरला. तू माझ्याशी बोलणं सोडलंस. मला तेव्हा वाटलं, अक्काला माझा हेवा वाटतो, ती स्वयंपाकघरात अडकली आणि मी निघाले. आता या घरात बसून सगळ्यांचे चेहरे बघते तेव्हा कळतं की तुला हेच दिसत होतं. आई दारात उभी, हातात पिठाचा गोळा. तू घाबरली होतीस. घाबरलेलं माणूस रागावल्यासारखंच दिसतं, आपल्या घरात तर नक्कीच.

एवढं विचारते. तू एकदा ‘नको जाऊ’ म्हण. मी जाणार नाही. आई म्हणत नाही, आबा म्हणत नाहीत, मला स्वतःला म्हणता येत नाही. तू तर पहिल्यापासून म्हणत आली आहेस. आणखी एकदा म्हणायला काय जातं?

पुनम

पारोळा, १३ मे

अक्का,

तुझं उत्तर आलं नाही. हुकूम आला.

तोफा थांबल्या म्हणून सांगतात. बेबाबाईंनी काळे कागद काढून आता त्यांच्या नातवाच्या वह्यांना कव्हरं घातली आहेत. मला वाटलं होतं आता कोणाला घाई नसेल, पण आज जेवायला बसताना फोन वाजला. हेलिकॉप्टर. परवा जळगावहून निघायचं. मी उभं राहूनच ‘हो सर’ म्हटलं, हातात भाकरीचा तुकडा होता. आईने माझा चेहरा पाहिला आणि तिला सांगावं लागलं नाही.

आबा जेवत होते. त्यांनी विचारलं, “कोणतं देतस?” मी सांगितलं. ते म्हणाले, “ते वरतीन पंखावालं? चांगलं शे. धूळ फार उडावस.” आणि ठेच्याकडे हात नेला.

आणि आई फुटली, अक्का. मी आईला असं कधी पाहिलं नाही. दादा गेले तेव्हाही ती भिंतीकडे तोंड करून रडली होती. आज तिने ताट सारलं आणि आबांच्या समोर उभी राहिली, डोक्यावरचा पदर खाली आलेला. सासऱ्यासमोर तिचा आवाज कधी चढला नाही, तो आज चढला.

“चांगलं शे? तुम्हीन तर आखाजीलेच तिनं बोट लाई टाकं! जित्ती पोरनं बोट! माले काय दिसत नही का? मी तवढ्या दिनपासून तिले मांगला दारथून काढी राहिनू!”

आबांचा घास हातातच राहिला. त्यांना खरोखर कळलं नाही. “कोनं बोट?”

“पुनमनं! भूपाना शेजारे!”

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा चेहरा कसा होता देव जाणे, पण तो पाहून त्यांना समजलं. त्यांनी घास ताटात ठेवला, हात पुसला आणि म्हणाले, “अय येडी. ते तर मनं बोट शे.”

“तुमनं?”

“मनंच. मायबाप गयात, तुनी सासू गई, आंडोर गया, नातू गया. बठ्ठासना बोटं मी लायात. नंबर मना व्हता आनि बठ्ठा मधमाच घुसी ग्यात. मी म्हनं, आते बास. येष्टीमा आपण खिडकीमाईन रुमाल टाकतस ना, का हाई जागा मनी शे? तसा मी रुमाल टाकी दिधा. आते मना आधी कोनी चढानं नही. ना पुनमनी, ना कोनी.”

मी तुला कसं सांगू. आपण लहान असताना पारोळ्याच्या स्टँडवर आबा धावत्या एसटीच्या खिडकीतून टोपी आत फेकायचे, आणि मग गर्दीतून आरामात चढून कंडक्टरला म्हणायचे, टोपी बसलीय ना तिथे, ती जागा माझी. तशीच त्यांनी मरणाच्या गाडीत टोपी टाकली होती. माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि माझ्यापुढे स्वतः जाऊन उभे राहिले. आणि आम्ही दोघी दोन आठवडे त्या बोटाला भीत होतो.

आई मटकन खाली बसली. मग हसायला लागली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. पदराने तोंड पुसत म्हणाली, “मंग सांगानं नही का?”

“कोनी इचारं का माले?” आबा म्हणाले, आणि परत जेवायला लागले. पण त्यांनी ठेचा घेतला नाही, नुसती भाकरीच चावत बसले.

सुंठीवाचून खोकला गेला असं म्हणायची सोय नाही. माझा तळवा अजून ओला होतो. उलट आता नवीनच भीती बसलीय. आबांनी जागा धरून ठेवलीय आणि मी त्यांना सोडून चालले. संध्याकाळी ते निंबाखाली झोक्याच्या फळीवर बसले होते, पाय जमिनीला टेकलेले, झोका न हलवता. एवढ्या मोठ्या माणसाला मी इतकं लहान कधी पाहिलं नव्हतं.

मग मी एक केलं. विचारलं. शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, “आबा, तुमले भ्याव वाटस का?”

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “वाटस ना. दीपा येस नही, तू चालनी. मनं बोट खरं कराले कोण ऱ्हाई?” माणूस मेल्यावर घरातल्याने दरवर्षी नाव घेऊन बोट लावलं तरच ते खरं, असं त्यांचं म्हणणं. स्वतः आगाऊ लावलेलं ते नुसती जागा धरणं. मी म्हटलं, लेकी-नातींनी माहेरचं बोट लावायची पद्धत नाही. आबा म्हणाले, “पद्धत तर आजानी नातूनं बोट लावानी बी नव्हती.” ते हो म्हणाले की नाही ते मला नीट समजलं नाही, पण ते रागावलेले नव्हते.

पुनम

जळगाव स्टेशन, १५ मे

अक्का,

गाडी उशिरा आहे. बाकावर एका बाजूला माझी बॅग, दुसऱ्या बाजूला आईने दिलेली बिबड्यांची पिशवी. अकादमीत शंभर जणांना पुरतील एवढे आहेत. मांडीवर कागद ठेवून लिहितेय, अक्षर हललं तर ते गाड्यांमुळे असं समज.

काल मी सरांना फोन केला. हाताचं सांगितलं, घारीचं, तळव्याचं, टोपलीमागे बसल्याचंसुद्धा. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं झालं, आता बॅग उघडायची. मग ते म्हणाले, “बरं झालं बोललीस. ये. आधी डॉक्टर बघतील, मग मी तुझ्या शेजारी बसून उडवून बघेन, मग ठरवू.” ठरवू म्हणजे काय, तेही मी विचारलं. ते म्हणाले, म्हणजे मला अजून माहीत नाही. तेव्हा मी उडणार की नाही हे मलाही माहीत नाही. पण अर्ज मी लिहिला नाही. तू ‘नको’ म्हणाली नाहीस, हेही त्यात आलं. तू म्हणाली असतीस तर कदाचित आज मी घरी टोमॅटो चिरत असते.

निघताना आईने मागचं दार उघडलं नाही. पुढच्या दाराशी दही-साखर घेऊन उभी होती. मी उंबरठ्यापाशी थांबले. कुंकू आता फिकट झालंय, पण सहा बोटं मोजता येतात. आबा पलीकडे अंगणात टोपी घालून. मी उंबरठा ओलांडला, अगदी त्याच टोकावरून, आणि पाय मात्र वर उचलला, शेजारच्या माणसाची टोपी तुडवू नये तसा. आबा म्हणाले, “बास व्हयनं, जाय आते.” आईने पिशवी हातात द्यायला फार वेळ लावला.

अक्का, मला पोचवायला येऊ नकोस, मला माफ करू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. पण घरी जा. आखाजी होऊन गेली तरी झोका अजून सोडलेला नाही, आबा सोडू देत नाहीत. फळी धुतलेली आहे. तू तिथे जाऊन बसलीस की ते म्हणतील ऊन फार आहे. म्हणू दे. त्यांनी धरलेली जागा त्यांना एवढ्यात वापरायला लागू नये, एवढंच बघायचंय. एकट्या माणसाला गाडीत चढायची घाई होते.

आणि पुढच्या आखाजीला उंबरठ्यावर आबा स्वतः बसलेले असावेत, पाच बोटं लावून हात पुसणारे. सहाव्याची वेळ येईल तेव्हा येईल. आली तर ते तू लाव, पद्धत नसली तरी. मी असेन तर मीही शेजारी बसेन.

आता शेवटचं. पहाटे, मी दही-साखर खायच्या आधी, माझा फोन वाजला. शिंदखेड्याचा नंबर, घरातला जुना. मी उचलेपर्यंत दोनदा वाजून बंद झाला. भिकुबाई मावशींचा चुकून हात लागला असेल. किंवा नसेल. मागच्या आठवड्यापर्यंत मी तसंच मनाशी धरून बसले असते, त्याच्यावर दोन आठवडे काहीतरी रचलं असतं, बरं किंवा वाईट. आपल्या घरात सगळे तेच करतात. पण आता मला विचारता यायला लागलं आहे, म्हणून विचारते.

अक्का, तो फोन तुझा होता का?

पुनम